एका फलकावरचा संगणक : निवड कशी करावी?



दरवर्षी जुलै महिन्यात महाविद्यालय सुरू होऊन पंधरा दिवस झाले, की आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेच्या दाराशी दोन-चार मुले हमखास येऊन उभी राहतात. प्रश्न ठरलेला असतो : "सर, प्रोजेक्टसाठी कोणता बोर्ड घेऊ?" मी विचारतो, "करायचे काय आहे?" त्यावर उत्तर येते, "ते अजून ठरलं नाही, सर. आधी बोर्ड घेतो, मग ठरवतो." म्हणजे आधी कळस, मग पाया! पण या मुलांना हसण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी मीही असेच केले होते आणि त्यात आठ विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून जमवलेले पैसे वाया गेले. ती हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे. मात्र त्याआधी हा 'बोर्ड' म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू.

शाळेतील संगणकाची पेटी उघडून पाहिलीत, तर आत एक मोठा फलक दिसतो. त्यावर प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, बसवलेला असतो. स्मृतीच्या पट्ट्या त्यात खोचलेल्या असतात, आणि माहिती साठवणारी चकती, वीजपुरवठ्याचा डबा वगैरे मंडळी तारांनी जोडलेली असतात. यांतील प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी जोडण्याच्या सोयी एकाच फलकावर कायमच्या डकवून टाकल्या, की झाला एका फलकावरचा संगणक. रास्पबेरी पाय या नावाचा जो संगणक तुम्ही पाहिला असेल, तो ८५ मिलिमीटर लांब आणि ५६ मिलिमीटर रुंद, म्हणजे जवळजवळ पत्त्याच्या पानाएवढा असतो. त्याच्या एका कडेला ४० पिना असतात. छंदाच्या प्रयोगांत खरी मौज या पिनांचीच. त्यांना दिवा जोडता येतो, कळ जोडता येते, तापमान मोजणारा संवेदक जोडता येतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९७६ साली 'किम-१' नावाचा एका फलकावरचा संगणक २४५ डॉलरला मिळू लागला. त्याला पडदा नव्हता. सहा आकडे दाखवणारी लाल पट्टी आणि एक छोटा कळफलक एवढेच. स्मृती सुमारे १ किलोबाइट, म्हणजे या लेखाचा एक लहानसा परिच्छेदही त्यात मावला नसता. त्यातील '६५०२' हाच प्रक्रियक पुढे १९८१ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने शाळांसाठी केलेल्या 'बीबीसी मायक्रो' या संगणकात आला. त्याच एकॉर्नच्या अभियंत्यांनी नंतर स्वतःचा प्रक्रियक आखला. त्याचे नाव 'आर्म', आणि त्याची पहिली चिप १९८५ मध्ये तयार झाली. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइल फोनमध्ये आर्मच्या घराण्यातील प्रक्रियक असतो. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विक्रीस आलेल्या पहिल्या रास्पबेरी पायमध्येही तोच होता, आणि हा संगणकही केंब्रिजचाच. या संगणकाला वाहिलेल्या एका इंग्रजी मासिकाच्या डिसेंबर २०१५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर तर 'पाय झिरो' हा संपूर्ण संगणक फुकट चिकटवून दिला होता! (आपल्या संपादकांनी ही गोष्ट मनावर घ्यायला हरकत नाही.)

बाजारात 'बोर्ड' म्हणून आणखी एक जात विकली जाते. तिच्यावर पूर्ण संगणक नसतो, तर सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे मायक्रोकंट्रोलर असतो. इटलीतील इव्रेआ या गावी २००५ साली जन्मलेला आर्डुइनो हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी. यात विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली नसते. तुम्ही लिहिलेली एकच आज्ञावली त्यात असते. वीज मिळाली की ती पहिल्या ओळीपासून सुरू होते आणि वीज असेपर्यंत चालतच राहते.

आता आकडे पाहा. आर्डुइनो युनो आर-३ चा ठोका सेकंदाला १ कोटी ६० लाख वेळा पडतो, तर रास्पबेरी पाय-४ चा १५० कोटी वेळा, तोही चार गाभ्यांत एकाच वेळी. युनोची स्मृती २ किलोबाइट. रास्पबेरी पाय-४ च्या सर्वांत लहान आवृत्तीचीसुद्धा १ गिगाबाइट, म्हणजे पाच लाख पटींहून अधिक. अशी तुलना समोर ठेवली तर कोणीही रास्पबेरी पायच उचलेल. मीही तोच उचलला.

आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवर पाण्याची सिमेंटची टाकी आहे. आत २ मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि दीड मीटर खोल. उन्हाळ्यात पाणी दिवसाआड येते. मामा मोटर लावत आणि कधी विसरत. मग एका रात्री टाकी भरून पाणी गच्चीवरून वाहून जाई, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला थेंब नसे. मुलांनी ठरवले, की टाकीत पाणी किती आहे ते खाली दाखवणारे यंत्र करायचे.

यंत्राचे तत्त्व सोपे आहे. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक श्राव्यातीत संवेदक बसवायचा. तो आपल्याला ऐकू न येणारा ध्वनीचा एक झटका खाली सोडतो. पाण्यावर आपटून प्रतिध्वनी परत येतो. जाण्यायेण्यास लागलेला वेळ मोजला, की पाणी किती खाली आहे ते कळते. २० अंश सेल्सिअस तापमानाला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. पाणी १ सेंटिमीटर खाली गेले की ध्वनीला जाऊन-येऊन २ सेंटिमीटर जादा अंतर तोडावे लागते, आणि त्यास सुमारे ५८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ५८ दशलक्षांश भाग, लागतात. हा ५८ चा आकडा लक्षात ठेवा.

आम्ही संवेदक जोडला. तीन दिवस सगळे झकास चालले. चौथ्या दिवशी संगणक बंद पडलेला आढळला. पुन्हा सुरू करून पाहिला, तर मधली चिप हाताला चटका बसेल इतकी तापली आणि पुढे तो कधीच सुरू झाला नाही. चूक माझी होती. तो संवेदक ५ व्होल्टवर चालतो आणि प्रतिध्वनी आल्याची खूणही ५ व्होल्टनेच देतो. रास्पबेरी पायच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांच्यामागे चिपमध्ये जे ट्रान्झिस्टर असतात, त्यांतील विद्युतरोधक थर अतिशय पातळ असतात आणि जादा दाब त्यांना सोसत नाही. मजा अशी, की लगेच काही बिघडत नाही, म्हणून आपल्याला वाटते की जमले! उपाय दोन रोधकांचा होता. १ किलोओहम आणि २ किलोओहमचे रोधक एकसरीत जोडून ५ व्होल्ट त्यांच्यात विभागले, तर २ किलोओहमच्या टोकांमध्ये ३.३ व्होल्टच मिळतात. दहावीच्या पुस्तकातील ओहमचा नियम. मी तो वर्षानुवर्षे शिकवत होतो आणि चार पैशांचे रोधक न लावल्याने मुलांचे हजारो रुपये घालवून बसलो होतो.

तेव्हा कोणताही बोर्ड घेण्यापूर्वी पहिली चौकशी त्याच्या वेगाची नव्हे, तर त्याच्या पिना किती व्होल्ट सोसतात याची करावी. युनो आर-३ पाच व्होल्टवाला आहे. रास्पबेरी पायची सर्व भावंडे ३.३ व्होल्टवाली. ईएसपी-३२ नावाच्या ज्या बोर्डाची ओळख पुढे होईल, तोही ३.३ व्होल्टवाला. बीगलबोन ब्लॅक नावाचा एक उत्तम संगणक २०१३ पासून आहे. त्याच्या साध्या पिना ३.३ व्होल्टच्या, पण सलग बदलणारा दाब मोजण्याच्या ज्या सात पिना आहेत, त्यांना १.८ व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही.

सलग बदलणाऱ्या दाबाचा विषय निघालाच आहे, तर हेही सांगतो. रास्पबेरी पायला असा दाब मोजताच येत नाही. पिनेवर दाब 'आहे' की 'नाही', एवढेच त्याला समजते. प्रकाशानुसार रोध बदलणारा संवेदक किंवा एलएम-३५ हा तापमापक त्याला जोडायचा, तर मध्ये आणखी एक चिप लागते. गरीब बिचारा युनो मात्र ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करून सांगतो. म्हणजे एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा. एलएम-३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, तेव्हा युनो आपल्याला अर्ध्या अंशापर्यंत तापमान सांगू शकतो.

टाकीकडे परत जाऊ. प्रयोगशाळेतील दुसरा रास्पबेरी पाय आणून, या वेळी रोधक लावून, आम्ही पुन्हा मांडणी केली. आता बिघाड झाला नाही, पण आकडे उड्या मारू लागले. टाकीतील पाणी स्थिर असताना पडद्यावर ६२ सेंटिमीटर, ६२, ६३, मध्येच ७९, पुन्हा ६२! मुलांना वाटले संवेदक खराब. खरे कारण निराळे होते. लिनक्स ही कार्यप्रणाली एकाच वेळी पुष्कळ कामे करीत असते. पडदा रंगवणे, जाळ्याकडे लक्ष ठेवणे, कार्डावर लिहिणे, आणि त्यांच्या रांगेत आपली आज्ञावली. प्रतिध्वनी येतो त्याच क्षणी कार्यप्रणाली दुसऱ्या कामात गुंतलेली असली, तर आपल्या आज्ञावलीला तो आल्याचे उशिरा कळते. हा उशीर बहुधा अगदी थोडा असतो, पण कधी एखाद्या मिलिसेकंदाचाही होतो. एक मिलिसेकंद म्हणजे १००० मायक्रोसेकंद. त्याला ५८ ने भागा. १७ सेंटिमीटर! आमच्या टाकीच्या पाण्याचा पृष्ठभाग ३ चौरस मीटर, म्हणजे ही चूक झाली ५१० लिटर पाण्याची. दीडशे कोटी ठोक्यांच्या संगणकाने अर्धी टाकी पाण्याचा नव्हे, पण वसतिगृहाच्या एका मजल्याच्या आंघोळीचा घोटाळा केला.

युनोमध्ये रांगच नाही. त्याला दुसरे काम नाही. तो प्रतिध्वनीची वाट पाहत बसतो आणि नेहमीच्या पद्धतीने ४ मायक्रोसेकंदांच्या टप्प्याने वेळ मोजतो. त्याची चूक मिलिमीटरापेक्षा कमी. येथे जो फरक आहे तो वेगाचा नसून वक्तशीरपणाचा आहे, आणि जाहिरातीतील आकड्यांत वक्तशीरपणा छापलेला नसतो. (बीगलबोन ब्लॅकमध्ये या अडचणीवर सुंदर तोड काढली आहे. मुख्य प्रक्रियकाच्या शेजारी दोन छोटे, सेकंदाला २० कोटी ठोक्यांचे मदतनीस बसवले आहेत आणि ते कार्यप्रणालीच्या रांगेत उभे राहत नाहीत. पण त्यांना काम सांगायला शिकणे सुरुवातीला जड जाते.)

तिसरा धडा विजेने दिला. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज केव्हाही जाते. रास्पबेरी पायची कार्यप्रणाली छोट्या एसडी कार्डावर असते. कार्डावर लिहिणे चालू असतानाच वीज गेली, तर अर्धवट लिहिलेल्या नोंदी मागे राहतात आणि पुढच्या वेळी संगणक उठतच नाही. मे महिन्यात आमचे कार्ड दोनदा असे बिघडले. ते काढून, दुसऱ्या संगणकावर नेऊन, पुन्हा सगळे भरायचे, आणि तोवर मामांच्या अंदाजावर टाकी! युनोची आज्ञावली चिपमध्येच पक्की असते. वीज दहा वेळा गेली तरी अकराव्या वेळी तो दोन-तीन सेकंदांत कामाला लागतो.

शेवटी जून उजाडता उजाडता आम्ही गच्चीवर युनो बसवला. खाली जिन्यापाशी चार दिवे : लाल, पिवळा आणि दोन हिरवे. मामांना चारच गोष्टी कळायला हव्या होत्या. तेवढ्यासाठी २ किलोबाइट स्मृतीतला बराच भाग रिकामाच राहिला. साधा संवेदक दमट हवेत दोन महिन्यांत गंजला, म्हणून मग जलरोधक प्रकारचा आणला. तो साधारण २० सेंटिमीटरच्या आतले अंतर मोजू शकत नाही, तेव्हा त्याला टाकीच्या काठापेक्षा थोडे वर बसवावे लागले.

पुढच्या वर्षी रेक्टर सरांची इच्छा झाली, की टाकीची स्थिती मोबाइलवर दिसावी. युनो आर-३ ला वायफाय नाही. येथे ईएसपी-३२ कामी आला. चीनमधील शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ही चिप २०१६ पासून मिळते. ती सूक्ष्मनियंत्रकाच्या जातीचीच, म्हणून वक्तशीर. पण वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही असलेली, ठोका सेकंदाला २४ कोटी आणि स्मृती ५२० किलोबाइट. किंमत रास्पबेरी पायच्या मानाने अगदी थोडी. आज नवशिक्याने पहिला बोर्ड कोणता घ्यावा असे मला विचाराल, तर तारा जोडताना चुका करायच्या असतील (आणि त्या करायलाच हव्यात) तर युनो, आणि मोबाइलशी बोलायचे असेल तर ईएसपी-३२, असे मी सांगेन. २०२१ मध्ये निघालेला रास्पबेरी पाय पिको हाही याच पंक्तीतला. नाव थोरल्या भावाचे असले, तरी जात सूक्ष्मनियंत्रकाची. दुकानात 'रास्पबेरी पाय द्या' म्हटल्यावर कोणी पिको दिला, तर त्याला पडदा आणि कळफलक जोडायला जाऊ नका.

विजेचा हिशेब मात्र नीट समजून घ्या, कारण शेतात किंवा डोंगरावर यंत्र ठेवायचे झाले, तर सगळे त्यावरच अवलंबून असते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास अशी शिशाची बॅटरी घ्या. तिच्यात १२ × ७ = ८४ वॉट-तास ऊर्जा असते. ती दीर्घकाळ टिकावी म्हणून निम्मीच वापरू, म्हणजे ४२. बारा व्होल्टचे पाच करताना थोडी उष्णतेत जाते. उरली सुमारे ३६ वॉट-तास. रास्पबेरी पाय-४ काहीही न करता बसून राहिला, तरी ३ वॉटच्या आसपास खातो. म्हणजे बारा तासांत बॅटरी संपली. युनो ५ व्होल्टवर सुमारे ५० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे पाव वॉट. तो चालला १४४ तास, बरोबर सहा दिवस. ईएसपी-३२ ला झोपवता येते, आणि झोपेत ती चिप १० मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. मग ती वर्षानुवर्षे चालेल काय? येथे पुष्कळ जण फसतात. चिप झोपली, तरी फलकावरचा इवलासा लाल दिवा आणि दाब-नियंत्रक जागेच असतात. समजा ते ५ मिलिअँपिअर खातात, आणि यंत्र दर दहा मिनिटांनी ५ सेकंद जागे होऊन १०० मिलिअँपिअर घेते. ६०० सेकंदांत ५ सेकंद, म्हणजे जागेपणीचा सरासरी खर्च पडला ०.८३ मिलिअँपिअर. वायफायने माहिती पाठवण्यापेक्षा तो दिवा सहापट महाग पडला! अशा वेळी अनुभवी मंडळी डाग देण्याच्या इस्त्रीने, म्हणजे सोल्डरिंग आयर्नने, तो दिवाच काढून टाकतात. बोर्ड घेताना म्हणून चिपचा नव्हे, तर सगळ्या फलकाचा झोपेतील प्रवाह किती, ते मल्टिमीटर लावून पाहावे.

तर मग रास्पबेरी पाय वाईट का? मुळीच नाही. त्याला आम्ही चुकीच्या नोकरीवर नेमले होते. तोच दुसरा संगणक आज आमच्या प्रयोगशाळेत कॅमेरा लावून बसला आहे. खाली पडणाऱ्या चेंडूची चित्रे तो भराभर घेतो, प्रत्येक चित्रात चेंडू कोठे आहे ते शोधतो आणि आलेख काढून पडद्यावर दाखवतो. युनोच्या २ किलोबाइटमध्ये असे एक चित्रदेखील मावणार नाही. चित्र, आवाज, मोठी आकडेमोड, पडदा, कळफलक, पायथॉन किंवा लिनक्स शिकणे ही त्याची खरी कामे. खरेदी करताना मात्र फलकाची किंमत म्हणजे संगणकाची किंमत असे समजू नका. चांगला वीजपुरवठा (रास्पबेरी पाय-४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, पाय-५ ला ५ अँपिअर सांगितला आहे), चांगले कार्ड आणि पडद्याची तार यांचा खर्च वेगळा असतो. मोबाइलचा जुना चार्जर लावला, तर दाब घसरून तो मध्येच अडखळतो, आणि मुले आज्ञावलीत चूक शोधत बसतात.

बाजारात या नमुन्याचे आणखी कितीतरी संगणक मिळतात, आणि कागदावर त्यांतले काही रास्पबेरी पायपेक्षा वेगवानही असतात. पण रात्री नऊ वाजता एखादी गोष्ट अडली, तर उत्तर कोठे सापडेल, याचा विचार करा. ज्या बोर्डावर लाखो लोकांनी आधी चुका केल्या आहेत, त्यावर तुमची चूकही कोणीतरी आधीच केलेली असते. लहान गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याला, ज्याच्या शेजारी विचारायला कोणी नाही, हा गुण वेगापेक्षा फार मोलाचा आहे.

आता एक काम तुमच्यासाठी. वर ध्वनीचा वेग ३४३ मीटर धरला, तो २० अंशांना. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरील टाकीतली हवा ४० अंशांपर्यंत तापते आणि दर अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. पाणी झाकणापासून १४० सेंटिमीटर खाली असताना आमचा युनो, ३४३ हाच वेग धरून, किती सेंटिमीटर दाखवील? त्या चुकीचे लिटर किती झाले? आणि ती दुरुस्त करण्यासाठी टाकीत दुसरा कोणता संवेदक बसवावा लागेल, तो तुमच्या बोर्डाला किती व्होल्टचा चालेल, हे वहीत मांडून पाहा. बोर्ड नंतर घ्या.